बदलापूरची वाढ कोणाच्या हिशेबी?

कुळगाव-बदलापूर झपाट्याने वाढत आहे, असे शासकीय अहवाल, इमारतींच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांची भाषणे गेली पंचवीस-तीस वर्षे एकमुखाने सांगत आली आहेत. या सांगण्यात कौतुकाचा सूर असतो. मुंबईत ज्याला खोली मिळत नाही त्या सामान्य माणसाला येथे हक्काचे घर मिळते, स्थानक हाकेच्या अंतरावर आहे, हवा चांगली आहे, डोंगर दिसतात, असे हे वर्णन असते. डोंगर दिसतात हे खरे आहे. बाकीच्या विधानांची छाननी करणे आवश्यक आहे, कारण बदलापूरच्या या कौतुकावरच आता वांगणी आणि शेलू येथील नव्या धोरणाची उभारणी होत आहे आणि त्यात गिरणी कामगारांच्या वारसांचा बळी जाण्याची चिन्हे आहेत.

प्रथम लोकसंख्येचे आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ९८ हजार माणसे होती. २०११ साली ती १ लाख ७४ हजार २२६ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ७८ टक्के वाढ. आता याच दहा वर्षांतले मुंबईचे आकडे शेजारी ठेवावेत. बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ७८ हजारांवरून १ कोटी २४ लाख ४२ हजारांवर गेली, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी वाढ. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची लोकसंख्या तर ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. बेटावरील नोकऱ्या कमी झाल्या म्हणून माणसे गेली, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने सकाळी नऊ वाजता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उभे राहून पाहावे. नोकऱ्या तेथेच आहेत. माणसांचे अंथरूण-पांघरूण तेवढे उचलून अडुसष्ट किलोमीटरवर नेऊन टाकले आहे. मुंबईचे आणि बदलापूरचे हे आकडे एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे आमचे नगरनियोजक क्वचितच मान्य करतात.

२०११ नंतर काय झाले हे सांगायला अधिकृत आकडाच नाही. २०२१ ची जनगणना प्रथम साथीच्या कारणाने आणि नंतर कोणत्याही पटण्याजोग्या कारणावाचून पुढे ढकलली गेली; नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर झाला. मधल्या काळात येथे कात्रप, शिरगाव, खरवई, मांजर्ली, हेंद्रेपाडा अशी सर्व अंगांनी इमारतींची दाटी झाली. पण पंधराव्या वित्त आयोगाने निधिवाटपासाठी लोकसंख्या धरली ती २०११ ची. ज्या गावाची लोकसंख्या स्थिर आहे त्याचे यात काही बिघडत नाही. जे गाव फुगते आहे त्याच्या वाट्याला मात्र जुन्या अंगाच्या मापाचा सदरा येतो. त्यात आणखी भर अशी की, या नगरपालिकेची निवडणूक २०१५ च्या एप्रिलनंतर थेट २०२५ च्या डिसेंबरात झाली आणि मधली पाच वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासकाची राजवट होती. ज्यांची मोजदाद नाही आणि ज्यांना प्रतिनिधी नाही अशा दोन-तीन लाख माणसांच्या वस्तीला आपण 'विकसनशील शहर' म्हणत होतो!

हे गाव रेल्वेचे आहे, हे सांगताना अनेकांना अभिमान वाटतो. इतिहास तेवढा अभिमानास्पद नाही. मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ साली बदलापूर, नेरळ ओलांडून बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरी-खोपोलीपर्यंत गेली. ती बदलापूरकरांच्या सोयीसाठी नव्हती. दख्खनचा कापूस बंदरावर आणि लँकेशायरचे कापड दख्खनेत पोहोचवायचे होते. घाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघाताने मेले, तेव्हा १८६३ साली मुंबई-पुणे सलग मार्ग खुला झाला. बदलापूर हे त्या मार्गावरचे एक लहान स्थानक. घोडे बदलण्याचा टप्पा म्हणून गावाला हे नाव पडले अशी लोककथा आहे. पुराव्याच्या दृष्टीने तिला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, पण दुसरीकडे निघालेल्याने क्षणभर थांबून पुढे जावे अशी ही जागा, हा तिचा आशय मात्र आजही लागू पडतो. उल्हास नदीच्या काठचे जुने गाव पश्चिमेला राहिले आणि स्थानकाच्या पूर्वेला कुळगाव वाढले. भात, भाजीपाला, जांभळे हे येथील उत्पन्न. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. झाडे तोडून इमारती बांधायच्या आणि उरल्यासुरल्या फळांना प्रमाणपत्र द्यायचे, ही आमच्या विकासाची रीतच आहे.

१९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा बदलापूर आणि अंबरनाथ तिच्यात ओढले गेले. १९९२ साली वगळले गेले. आत घेताना किंवा बाहेर काढताना नागरिकांना कोणी विचारल्याचे स्मरत नाही. पाण्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गावाजवळचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ सालचे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि ठाण्यापासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांना जाते. उल्हास नदीने मात्र या गावाला काही कमी पडू दिलेले नाही: २६ जुलै २००५ चा पूर येथील लोक विसरलेले नाहीत आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून सोडवावे लागले. नदीच्या पूररेषेत इमारती कशा उभ्या राहिल्या, हा प्रश्न त्यानंतर चार दिवस विचारला गेला.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. 'येथे घर स्वस्त आहे' हे विधान अर्थशास्त्राच्या दृष्टीने असत्य आहे. घराच्या किमतीचा एक भाग पैशात भरावा लागतो आणि दुसरा आयुष्यात. बदलापूरहून मुंबईला धिमी गाडी पावणेदोन तास घेते. जलद गाडीने पंधरा-वीस मिनिटे वाचतात, पण तीत पाय ठेवायला मिळाला तर. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी धरून जाऊन-येऊन चार तास, हा अंदाज कोणालाही अतिशयोक्त वाटणार नाही. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास होतात. तीस वर्षांच्या नोकरीत छत्तीस हजार तास. आठ तासांचा दिवस धरून याचे दिवस करावेत, वर्षे करावीत: पंधरा वर्षे भरतात. तीस वर्षांची नोकरी करणारा बदलापूरकर पंचेचाळीस वर्षांचे काम करतो आणि त्यातील पंधरा वर्षांचे वेतन त्याला कोणीही देत नाही. कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला आहे. प्रवासाला मात्र कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही, कारण तो कामगाराचा 'खासगी' व्यवहार समजला जातो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची सुटी मिळवली. आठ तासांच्या दिवसासाठी त्यानंतर अर्धे शतक झगडावे लागले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना त्या मागणीला कायद्याचे रूप येऊ लागले आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ती पक्की केली. चार पिढ्यांनी जे तास मालकाच्या हातून सोडवून आणले, ते लोकलच्या दारात एका पिढीत परत गेले. आणि एवढ्यावरही समाधान नाही! २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांत दिवसाचे कमाल काम नऊ तासांवरून दहा तासांवर आणि कारखान्यांत बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास कारखाना, चार तास गाडी. उरलेल्या आठांत झोप, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे औषधपाणी. आठवड्याची मर्यादा कायम आहे, असे उत्तर दिले जाते. पण रात्री साडेअकराला घरी पोहोचलेल्या माणसाला आठवड्याची सरासरी सांगून काय उपयोग?

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी निर्दय आहे. महिलांच्या डब्यात गवार-मेथी निवडण्याचे, लसूण सोलण्याचे दृश्य वृत्तपत्रांनी छायाचित्रांतून मोठे रम्य करून ठेवले आहे. 'मुंबईच्या जिद्दीचे' ते प्रतीक म्हणे. घरकामाची पाळी, नोकरीची पाळी आणि प्रवासाची पाळी अशा तीन पाळ्या करणाऱ्या बाईला तिसरी पाळीसुद्धा पहिल्या पाळीसाठी वापरावी लागते, एवढाच त्या चित्राचा अर्थ आहे. त्या चारला उठतात. त्यांच्यापैकी कित्येकींनी बढती नाकारलेली असते, कारण बढती म्हणजे उशिरा सुटणे आणि उशिरा सुटणे म्हणजे गाडी चुकणे. हे नुकसान कोणत्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात येते?

यावर सुशिक्षितांकडून एक आक्षेप हमखास येतो. उपनगरी प्रवास अत्यंत स्वस्त आहे, रेल्वे तोट्यात गाडी चालवते, म्हणजे समाजच या प्रवाशाला अनुदान देतो; मग त्याने तक्रार का करावी? हा युक्तिवाद वर्गात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला अनुदानाचा भार आणि लाभ शेवटी कोणाच्या पदरी पडतो, हे तपासायला लावले असते. पास स्वस्त आहे म्हणूनच मुंबईतील मालकाला पंधरा-वीस हजारांत कामगार मिळतो. पास नसता तर एक तर वेतन वाढवावे लागले असते किंवा कामाच्या जागेजवळ घर द्यावे लागले असते. म्हणजे या अनुदानाचा पहिला लाभार्थी नोकरी देणारा आहे. दुसरा लाभार्थी जमीनमालक. रुळापासून दहा मिनिटांवरच्या शेताला बिगरशेती होताच जी किंमत येते ती त्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या कर्तृत्वाने येत नाही. ती सार्वजनिक पैशाने टाकलेल्या रुळाने येते. ही अनर्जित वाढ जशीच्या तशी खासगी खिशात जाते आणि रेल्वेच्या तोट्याचे खापर फुटते ते दारात लटकणाऱ्याच्या डोक्यावर. शेत विकणाऱ्या मूळ आगरी-कुणबी कुटुंबांना तिचा अल्पांश मिळाला, कित्येकांना तोही मिळाला नाही. मधल्या दलालांच्या आणि पुढाऱ्यांच्या हवेल्या मात्र कोणालाही पाहता येतात.

रेल्वेने स्वतः काय केले? कल्याणच्या पुढे कर्जतकडे लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून जात राहिल्या. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०१९ साली मंजुरी मिळाली. २०२५ संपेपर्यंत ती पूर्ण झालेली नव्हती. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा इतिहास पाहिला तर याचे आश्चर्य वाटणार नाही: २००८ ची मंजुरी, २०२२ ला उद्घाटन, लांबी दहा किलोमीटरही नाही. मात्र २०२२ च्या ऑगस्टमध्ये, साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आणण्याची तत्परता याच रेल्वेने दाखवली. ज्या गाडीचा पास सामान्य कारकुनाला परवडत नाही ती गाडी त्याच्या रोजच्या वेळेवर त्याच्यासमोरून निघून जाऊ लागली, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी संतापले आणि मध्य रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालण्याचा निर्णय केला. तो खर्च त्यांनी पहिल्या वर्गाच्या सुखसोयींवर केला असता तर वृत्तपत्रांनी बहुधा अधिक टाळ्या वाजवल्या असत्या. रेल्वे कोणासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर त्या दोन इंचांत होते. आजचे उत्तर वातानुकूलित आहे.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडले आणि चौघे त्याच दिवशी मेले. लगेच सर्व नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. माणूस दारात लटकतो तो हौसेने, असे गृहीत धरले की हा उपाय सुचतो. आत जागा असती तर तो आत गेला असता. उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. एखाद्या खाणीत किंवा गिरणीत याच्या शंभरावा भाग माणसे मेली असती तर चौकशी आयोग बसला असता.

२० ऑगस्ट २०२४ रोजी शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या आणि तक्रार नोंदवण्यात झालेल्या दिरंगाईच्या विरोधात हजारो बदलापूरकर रुळांवर उतरले आणि आठ-दहा तास गाड्या बंद राहिल्या. 'बाहेरच्यांनी' हे घडवले, असे सत्ताधाऱ्यांनी सांगितले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, शेकडो जणांवर गुन्हे दाखल केले. संतापाच्या कारणाविषयी कोणाचे दुमत नव्हते, पण प्रवाशांना वेठीला धरणे योग्य का, असा प्रश्न मुंबईतल्या काही संपादकांना पडला. त्यांना हे गाव कळलेलेच नाही. येथे निवडून आलेली नगरपालिका नव्हती, जिल्ह्याचे मुख्यालय ठाण्याला, मंत्री मुंबईला. ज्या गावाचा मुंबईशी एकच संबंध आहे आणि तो म्हणजे रोज सकाळी तेथे श्रम पोहोचवणे, त्या गावाला आपला आवाज मुंबईला ऐकवायचा तर ते श्रम थांबवण्याशिवाय मार्ग कोणता होता? गिरणी कामगाराला संपासाठी गिरणीचे फाटक होते. बदलापूरकराला रूळ आहे.

गिरणी कामगाराचा उल्लेख मी मुद्दाम केला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतर आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तीन वाटे केले: एक सार्वजनिक मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक गृहनिर्माणाला, एक मालकाला. २००१ साली सरकारने त्यात गुपचूप दुरुस्ती केली की, ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच लागू. एका ओळीच्या फरकाने शेकडो एकर सार्वजनिक हिश्शातून निसटले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पुढच्याच वर्षी, २००७ साली, राज्याने १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदाही मोडीत काढला. या कायद्यात पळवाटा होत्या, भ्रष्टाचार होता, हे खरेच. पण त्याच कायद्याच्या आधारे मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून गोरेगावला सुमारे सहा हजार घरे उभी करून दाखवली होती. मुंबईत जमीन नाही, हे विधान त्यांनी सरकारी कागदपत्रांनीच खोटे पाडले होते. जमीन होती. तिच्यावर आज मॉल, मनोरे आणि वाहनतळ आहेत.

आणि कामगारांचे काय? पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. घर मिळाले त्यांची संख्या त्यांच्यापुढे नगण्य आहे. आता शासनाने वांगणी आणि शेलू येथे ८१ हजार घरांची योजना पुढे केली आहे. वांगणी बदलापूरच्याही पुढे अकरा किलोमीटर आहे, शेलू त्याच्याही पुढे. लालबाग-परळच्या ज्या जमिनीवर तीन पिढ्या घाम गाळला तिच्यावर मालकाचा मनोरा, आणि वारसाला बदलापूरच्या पलीकडची खोली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात तर असे कलम घातले होते की, हे घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपुष्टात येईल. ९ जुलै २०२५ रोजी कामगार आणि वारस, त्यांत सत्तरी-ऐंशीचे म्हातारे, आझाद मैदानावर जमले तेव्हा कोठे ते कलम मागे घेण्याची भाषा झाली. कलम गेले तरी योजना आहेच. मुंबईत घर देऊ, असे आश्वासन देणाऱ्यांनी एकराचा आकडा अजून उच्चारलेला नाही.

शेलू-वांगणीच्या या ८१ हजार घरांतून चाराच्या हिशेबाने सव्वातीन लाख माणसे होतात, म्हणजे २०११ च्या बदलापूरच्या जवळजवळ दुप्पट. त्यांच्यापैकी कामाला जाणारे त्याच दोन रुळांवर, कर्जतहून भरून आलेल्या त्याच गाड्यांत चढणार आहेत, आणि त्यानंतर त्या गाड्या बदलापूरला येणार आहेत. तिसरी-चौथी मार्गिका कर्जतपर्यंत केव्हा पूर्ण होईल, जादा फेऱ्या किती आणि साध्या किती, या घरांना पाणी कोणत्या धरणाचे, रुग्णालय कोठे, याचे उत्तर योजनेबरोबर छापलेले नाही. २०११ च्या जनगणनेत घरापासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते. वेळ विचारला नव्हता. नव्या जनगणनेत तो विचारावा, नगरपालिकावार तक्ते प्रसिद्ध करावेत आणि तोपर्यंत वांगणी-शेलूचे एकही घर कोणाच्या माथी मारू नये, ही मागणी कामगार संघटनांनी आणि प्रवासी संघटनांनी एकत्र केली पाहिजे. आजवर त्या एका व्यासपीठावर आलेल्या नाहीत.